होई आनला तुम्ही दोघंही चला

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही व्हिएतनामहून नागपूरला सुखरूप पोचलो, ते फोनवर कळलंच. पण फोनवर आई जेवणाचं विचारते, बाबा खर्चाचं विचारतात, आणि खरं सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र लिहायला बसले. आई, चष्मा तुझ्याकडेच असतो, तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

होई आन हे व्हिएतनामच्या मधल्या भागातलं लहानसं शहर, थू बोन नदीच्या काठी. विमान दा नांगला उतरतं, तिथून गाडीनं 30 किलोमीटर. जुनं गाव पायी हिंडून होतं, आणि दिवसातला बराच वेळ तिथं मोटारगाड्या, स्कूटर येऊ देत नाहीत. बाबांचा गुडघा माझ्या डोक्यात होता, म्हणून हे आधी सांगते. चढ नाही, पायऱ्या थोड्या, आणि बसायला ओटे जागोजागी.

पण बाबा, तुम्हाला मी खरी नेणार आहे ती गावाबाहेर. वस्ती संपली की धानच धान. फेब्रुवारीत हिरवंगार, चांगले फुटवे आलेले. बांध्या, धुरे, धुऱ्यावर बगळे, डोक्यावर पानांच्या टोकदार टोप्या घालून निंदणाऱ्या बाया. एका शेतकऱ्याशी मोबाइलच्या भाषांतरावर बोलणं झालं. पऱ्हे टाकून रोवणा करणारे तिकडे आता कमी. मोड आलेलं बियाणं ते सरळ चिखलात फेकतात, म्हणजे आपला आवत्याच. मजूर मिळत नाहीत, हे त्याचंही दुखणं. तुम्ही असता तर वाण कोणतं, पाणी किती दिवस बांधून ठेवता, एकरी किती पोती, हे सगळं धुऱ्यावर बसून विचारलं असतं आणि त्यालाही ते आवडलं असतं. जावई तर म्हणाले, इथं बाबाच पाहिजे होते.

तिथून 40 किलोमीटरवर मी-सॉन आहे. डोंगरांनी वेढलेली दरी आणि तिच्यात विटांची शंकराची देवळं. आई, भारतापासून इतक्या लांब, आणि गाभाऱ्यात शाळुंका! इथं पूर्वी चंपा नावाचं राज्य होतं. भद्रवर्मन राजानं चौथ्या शतकाच्या शेवटी इथं भद्रेश्वराची स्थापना केली आणि ही दरी देवाच्या नावे करून दिली. त्याचा संस्कृत शिलालेख आहे, त्यात डोंगरांची नावं घेऊन जमिनीच्या चतुःसीमा सांगितल्यात. बाबा, सातबाऱ्याचा कागद तुम्ही जसा बोट ठेवून वाचता तसा तो दगड वाचावासा वाटतो. पुढं तेराव्या शतकापर्यंत तिथं देवळं बांधली जात होती. विटा अशा बसवल्यात की मधली फट दिसत नाही.

मग अमेरिकेबरोबरचं युद्ध आलं. ऑगस्ट 1969 मध्ये विमानांतून बॉम्ब पडले आणि सगळ्यात उंच, सगळ्यात सुंदर देऊळ कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून आहेत, आता त्यांत गवत उगवलंय. चिऊनं विचारलं, देवळावर कशाला टाकले? मला नीट उत्तर देता आलं नाही. कोणालाच देता येईल असं वाटत नाही.

आणि मला एकदम पवनी आठवली. तिथल्या जगन्नाथ टेकडीचं उत्खनन 1969-70 सालचं. तुम्ही शाळेत असताना ते बघायला गेला होता, मातीतून स्तूप वर येताना पाहिला, हे कितीदा सांगितलंय! इकडे आपल्या गावाजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं काही हळूहळू बाहेर येत होतं, त्याच सुमारास तिकडे हजार वर्षांचं देऊळ एका तडाख्यात गेलं. हे तुम्हाला तिथंच उभं राहून सांगायचं होतं.

बरं वाटावं असंही आहे. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथं डागडुजीला गेले होते. 2020 साली काम करताना त्यांना एकाच वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. त्याआधी पोलंडहून एक वास्तुतज्ज्ञ आला होता, काझिमिएश क्विआत्कोव्स्की, तिकडचे लोक त्याला काझिक म्हणतात. 1980 नंतर त्यानं आयुष्याची पुढची वर्षं मी-सॉन आणि होई आन वाचवण्यात घातली आणि 1997 मध्ये तिकडेच वारला. जुन्या गावात त्याचा पुतळा आहे. परक्या देशातल्या देवळांसाठी एवढं करणारा माणूस! मी तिथं हात जोडले.

होई आनचं जुनं गावही 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एकेकाळी हे मोठं बंदर, चिनी, जपानी, युरोपी व्यापारी इथं उतरायचे. नदी गाळानं भरत गेली, जहाजं दा नांगला जाऊ लागली, व्यापार उठला आणि म्हणूनच जुनी लाकडी घरं पाडून नवी बांधायची वेळ आली नाही. एका जुन्या घरात भिंतीवर पुराच्या खुणा सालासकट लिहिलेल्या आहेत. थू बोनला पाणी चढलं की वरच्या मजल्याच्या जाळीतून सामान दोरीनं वर ओढतात. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेचं पाणी आपल्या अंगणात आलं, तेव्हा आईनं धान्याच्या कोठ्या सांभाळायला केलेली धावपळ मला आठवली. त्या घरातल्या म्हातारीला मी हातानं पाण्याची उंची दाखवली. तिनं मान हलवली आणि चहाचा पेला पुढे केला.

जपानी पूल लहान आहे, वर छप्पर, एका टोकाला माकडं, दुसऱ्या टोकाला कुत्रे. लोक म्हणतात, जमिनीखाली एक अजस्र प्राणी आहे. त्याचं डोकं भारतात, पाठ व्हिएतनाममध्ये, शेपूट जपानात. तो हलला की भूकंप, म्हणून त्याच्या पाठीवर हा पूल ठोकलाय. चिऊला त्याचं डोकं वैनगंगेखालीच आहे असं वाटतंय. ती सांगायला येईल, आबाजींनी ऐकून घ्यावं.

आई, तुझं ठेवलंच होतं. आम्ही बरोबर माघ पौर्णिमेच्या आदल्या रात्री तिथं होतो. चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात, फक्त कंदील. बांबूच्या काड्यांवर रेशीम ताणून करतात. लोक नदीत कागदाचे दिवे सोडतात. तू कार्तिकात पहाटे सोडतेस तसे, पण तिथं रात्री, गर्दीत. मी एक तुझ्या नावानं सोडला. आणि पौर्णिमेला-अमावस्येला बरेच लोक शाकाहारी जेवतात, त्या दिवशी साधं भाजी-टोफू-भात कुठंही मिळतं. एरवी शाकाहारी खानावळी आहेतच, त्यामुळे उपाशी राहशील ही भीती काढून टाक. शेंगदाणे, कोथिंबीर, मिरची भरपूर. तिखट मात्र तुला कमी वाटेल, म्हणून लसणाची चटणी नेऊ.

खर्चाचं बाबा विचारतील. जुन्या गावाचं तिकीट 1,20,000 डोंग, ऐकायला भयंकर, पण आपले साधारण 400 रुपये. बाकीचं आमच्याकडे, त्यावर वाद नको.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच जायचं. उन्हाळी धानाची रोवणी तोवर आटोपते, नंतर पाण्याच्या पाळ्या उरतात, त्या धाकटे काका बघतील. मी त्यांच्याशी बोलले, ते हो म्हणाले. गाय काकू सांभाळेल. बाबा, 'आता या वयात' असं म्हणू नका. तिथं तुमच्याहून म्हातारे लोक सायकलवर भाजी विकायला येतात.

आता काम सांगते. आधार कार्ड, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आईच्या जन्माचा जो कागद असेल तो एका पिशवीत काढून ठेवा. आईच्या आधारवर माहेरचं नाव आहे का तेही बघा, असेल आणि पासपोर्ट सासरच्या नावानं हवा असेल, तर आधी ते बदलावं लागेल. होळीला येतो तेव्हा पासपोर्टचे फॉर्म भरून टाकू, नागपूरची तारीख मी घेते. पोलीस पडताळणीला शिपाई घरी आले तर घाबरू नका, ती नेहमीची पद्धत आहे.

तुमची,
ताई