वहिनींच्या डीएनए टेस्टबद्दल

अमळनेर

प्रिय भास्कर,
स. न. वि. वि.

पिंकीने अमेरिकेतून आईच्या व्हिसासाठी अर्ज केलाय, म्हणून जळगावच्या लॅबमध्ये वहिनींची डीएनए टेस्ट आधीच उरकून घेतो म्हणतोस, ते करू नकोस. पैसे पाण्यात जातील. स्वतः करून आणलेला रिपोर्ट अमेरिकन कॉन्सुलेट धरत नाही. कागदांनी समाधान झालं नाही, तर तिथला ऑफिसरच ही टेस्ट सुचवतो.

तोवर कागद नीट लाव. पिंकीच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला काढ. शाळेच्या दाखल्यावर वहिनींचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर लग्नातलं, असं असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. (पिंकीची जन्मतारीख 1 जून आहे का रे? गुरुजींनी अर्ध्या खान्देशाला तीच वाटली आहे.)

टेस्ट सुचवलीच, तर एएबीबीची (लॅबना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) मान्यता असलेली लॅब पिंकीने तिकडून निवडायची, खर्चही तिचाच. तिचा नमुना तिकडेच घेतात आणि वहिनींचं किट लॅब थेट मुंबईला पाठवते. ते तुमच्या हाती देत नाहीत, तूही मागू नकोस. नेमल्या दिवशी ओळख पटवून, साक्षीदारासमोर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. सुई नाही, रक्त नाही, वहिनींना सांग. आधी तासभर काही खायचं नाही आणि मिसरी तर त्या सकाळी बंदच. काड्या कागदी पाकिटात जातात, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. रिपोर्टही लॅबकडून सरळ कॉन्सुलेटला.

नात्याची शक्यता किमान 99.5 टक्के यावी लागते. डीएनएवरच्या वीसेक जागा तपासतात, प्रत्येक जागेचे रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात, आणि मुलीच्या त्या दोनांतला एक आईकडून आलेला असतो. एखादी जागा जुळली नाही तर घाबरू नकोस, ते उत्परिवर्तन (डीएनएमध्ये आपोआप झालेला बदल) असू शकतं आणि लॅब ते हिशेबात धरते. बऱ्याच जागा चुकल्या तर मात्र नातं नाकारलं जातं. भावंडांचं जास्त किचकट: सख्ख्यांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा, पण जोडीगणिक कमी-जास्त, त्यामुळे निकाल कधीकधी अधांतरी राहतो.

एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे जावेचं, बहिणीचं मूल आपलं म्हणून वाढवतात. तसं काही असेल तर पिंकीच्या वकिलाला आत्ताच सांग. दत्तकाचे नियम वेगळे, आणि तिथे हीच टेस्ट अंगलट येते.

कॉन्सुलेटचं पत्र आलं की केस नंबर दिसेल असा फोटो पाठव.

तुझा,
सुधाकर