चरबीतून तेल काढण्याच्या सुधारित संयंत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संयंत्रातून अपेक्षित तेल न मिळणे, तेलाचा दर्जा घसरणे आणि तक्रारीला मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय,

प्राण्यांच्या टाकाऊ चरबीपासून साबण व जैवइंधनासाठी लागणारे तेल आम्ही काढतो. पूर्वी हे काम कोरड्या पद्धतीच्या बॅच कुकरमध्ये (एका वेळी एक घाणा शिजवणाऱ्या भांड्यात) चाले. चरबी १२० अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यातील पाणी उडवायचे आणि उरलेला चोथा स्क्रू प्रेसमध्ये दाबायचा, अशी ती जुनी रीत. तिचे दोष आम्हाला माहीत होते: तेल करपून काळपट होई आणि चोथ्यात साधारण १० ते १२ टक्के तेल अडकून राही. आपले कमी तापमानाचे, अखंड चालणारे संयंत्र हे दोन्ही दोष दूर करील, असे लेखी आश्वासन मिळाल्यामुळेच आम्ही ते घेतले.

तेलाचा रंग सुधारला आणि चोथाही पूर्वीपेक्षा कोरडा निघतो, हे आम्ही मान्य करतो. मात्र त्याच प्रतीच्या मालातून एकूण तेल पूर्वीपेक्षा कमी मिळू लागले. चोथ्यात तेल नाही आणि टाकीतही नाही, तर ते गेले कुठे याचा शोध घेतला असता, सेपरेटरमधून (तेल व पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणारे पाणी दुधासारखे पांढरे असल्याचे आढळले. ते पाणी तापवून स्थिर ठेवले तरी तेल वर येत नाही. आपले अभियंते मात्र प्रत्येक भेटीत केवळ चोथ्याचा नमुना तपासतात आणि संयंत्र उत्तम चालल्याचा अहवाल देतात. चोथ्यातला तोटा पाण्यात ढकलला, तर त्याला सुधारणा म्हणता येत नाही.

आमच्या मते या दुधाळ पाण्याचे मूळ संयंत्राच्या रचनेतच आहे. चरबीच्या टाकाऊ भागांत पातळ पडदे व स्नायूंचे धागे असतात. त्यांतील कोलॅजेन हे प्रथिन पाण्यात बराच वेळ गरम राहिले की त्याचे जिलेटिन होते, आणि हे जिलेटिन तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळू देत नाही. आपल्या रचनेत थेट वाफ सोडल्यामुळे पाणी वाढते, तापवलेला माल मधल्या टाकीत गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतो आणि तेथून तो वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपाने डिकॅन्टरकडे (चोथा वेगळा काढणाऱ्या यंत्राकडे) ढकलला जातो. हा पंप थेंब आणखी बारीक करतो. एवढ्या बारीक झालेल्या थेंबांना नंतर वेगळे करणे चांगल्या सेपरेटरलाही जड जाते, हे आपल्या तंत्रज्ञांना आम्ही सांगण्याची गरज नसावी.

दुसरी तक्रार तेलातील मुक्त मेदाम्लांची, म्हणजे चरबीचे विघटन होऊन सुटणाऱ्या आम्लांची आहे. त्यांचे प्रमाण वाढले की जैवइंधन बनवणारे ग्राहक माल नाकारतात, कारण अल्कली उत्प्रेरक वापरताना त्या आम्लांचा साबण होतो. आपल्या उत्तरात याचा दोष आमच्या ‘शिळ्या कच्च्या मालाला’ दिला आहे. माल ताजा नसेल तर त्यातील लायपेज या विकरामुळे आम्ल वाढते, हे खरे आहे. म्हणूनच आम्ही एकाच खेपेतील मालाचे दोन भाग केले, एक प्रयोगशाळेत लहान भांड्यात लगेच वितळवला आणि दुसरा संयंत्रातून काढला. संयंत्रातून आलेल्या तेलात आम्लता स्पष्टपणे जास्त आहे. दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. कच्चा माल एकच असताना हा फरक मालाच्या माथी मारता येणार नाही. आमचा संशय त्याच मधल्या टाकीवर आहे. तिच्या कोपऱ्यांत जुना माल साचून राहतो आणि ती पूर्ण रिकामी करण्याची सोयच दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी लहान वाटली तरी आम्हाला सर्वांत जास्त खटकली. गरम तेलाच्या वाहिनीवर पितळी झडपा बसवल्या आहेत. पितळातील तांब्याच्या अंशामुळे चरबीचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि तेल लवकर खवट होते, ही या व्यवसायातील प्राथमिक माहिती आहे. करारात संपूर्ण वाहिनी स्टेनलेस स्टीलची असेल असे नमूद असताना येथे पितळ कसे आले, याचा लेखी खुलासा हवा.

आमची मागणी अशी की, आपल्या व आमच्या प्रतिनिधींसमोर एका पूर्ण पाळीची चाचणी घ्यावी. तिच्यात आत गेलेल्या मालातील एकूण तेल आणि बाहेर आलेले तेल, चोथा, गाळ व पाणी या चारही ठिकाणचे तेल मोजून ताळेबंद मांडावा. नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेकडे जावेत. पितळी झडपा चाचणीची वाट न पाहता बदलून द्याव्यात. पाण्यातून तेल जाते हे सिद्ध झाल्यास सेंट्रिफ्यूगल पंपाच्या जागी संथ गतीचा लोब पंप आणि थेट वाफेऐवजी बाहेरून वाफेने तापणारा उष्णता विनिमयक आपल्या खर्चाने बसवावा, तसेच मधल्या टाकीला उतरता तळ द्यावा.

या बदलांनंतरही करारातील तेलाचे प्रमाण मिळाले नाही, तर करारातील तरतुदीनुसार संयंत्र परत घेऊन रक्कम परत करावी. तोपर्यंत उर्वरित हप्ता आम्ही रोखून धरत आहोत. चाचणीची तारीख लेखी कळवावी; केवळ चोथ्याच्या नमुन्यावर आधारलेला आणखी एखादा अहवाल आम्ही स्वीकारणार नाही.

आपला विश्वासू,
उत्पादन विभाग प्रमुख

सोबत: आम्लता तपासणीचे दोन अहवाल, सेपरेटरमधील पाण्याची छायाचित्रे, कराराची प्रत