बाथरूममधला जुना गॅस गिझर बाहेर काढा

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि कारण म्हणून अनेकदा गॅसगळती छापली जाते. बहुतेक वेळा गळती झालेलीच नसते. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, तो गळला तर कळतो. जीव घेतो तो गॅस अर्धवट जळून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहणारी माणसे यातच सापडतात.

साधा हिशेब पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजीला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर ती अर्धा तासही पुरणार नाही. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८च्या आसपास आला की ज्वलन बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. म्हणूनच एकामागून एक अंघोळी होणाऱ्या घरात शेवटच्या माणसाला धोका सर्वांत जास्त.

बंद खोलीत नवा गिझरही धोक्याचाच. जुन्यात भर पडते ती अशी : तांब्याच्या हीट एक्स्चेंजरच्या (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) पातळ पट्ट्यांमध्ये काजळी आणि हिरवट गंज साचतो, धुराला वर जायला वाट राहत नाही आणि तो खोलीत पसरतो. बर्नरच्या हवेच्या तोंडाशी धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले की निळी ज्योत पिवळी होते, काजळी आणखी वाढते. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलमध्ये आतून बसतो, पाणी पुरेसे तापत नाही आणि गिझर जास्त वेळ चालवला जातो. नळाबरोबर गॅस चालू-बंद करणारा रबरी डायफ्रॅम (पडदा) ताठरला किंवा मायक्रोस्विच अडकला तर नळ बंद केल्यावरही ज्योत विझत नाही. सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते आणि साचलेला गॅस भपकन पेटतो.

गिझर सारखा आपोआप बंद पडतो म्हणून ऑक्सिजन सेन्सरच्या किंवा टायमरच्या वायरी थेट जोडून घेणे फार घातक आहे. अनेकदा सेन्सर बिघडलेला नसतो, हवा कमी पडत असते. असे काम मेकॅनिकला करू देऊ नका. घर बदलताना गिझर सोबत नेणाऱ्या भाडेकरूंनी जेटही (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्र) तपासून घ्यावे. पाइपगॅसचे जेट मोठे असते, तोच गिझर सिलिंडरला जोडला तर प्रमाणाबाहेर गॅस सुटून ज्योत लांब आणि पिवळी होते.

एक्झॉस्ट फॅन लावून काम भागत नाही. दाराखाली हवेला वाट नसेल तर पंखा गिझरच्या चिमणीतलाच धूर उलटा खोलीत ओढतो. खाली एक आणि वर एक, असे कायम उघडे राहणारे दोन झरोके हवेत. कबुतरांसाठी पुठ्ठा लावून बुजवलेला व्हेंटिलेटर आजच मोकळा करा. खरा उपाय गिझर बाथरूमबाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत बसवण्याचा आहे. तिथे काचा लावून घेतल्या असतील तर तीही बंद खोलीच झाली. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, बर्नर खोलून साफ करावा, पट्ट्या ब्रशने झाडाव्यात, सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. गॅसची नळी ५ वर्षांनी बदलावी. गिझरवरची भिंत किंवा छत काळे दिसले तर त्याच दिवशी वापर थांबवावा. घरातला गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागते.

अंघोळीत डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुडघ्यांतले बळ जाणे ही लक्षणे पित्त किंवा बीपी म्हणून सोडली जातात. झटका आला तर फिट्सचे औषधही सुरू होते. अशा माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यात फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही ते ऑक्सिजनयुक्तच समजते आणि आकडा ९८ दाखवू शकते. निदान रक्ततपासणीतूनच होते, आणि तिचा निकाल येईपर्यंत न थांबता शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा लागतो.

सिलिंडरच्या ग्राहकांकडे दर ५ वर्षांनी सुरक्षा तपासणी होते. गिझर कुठे बसवला आहे, त्याची ज्योत कशी आहे आणि खोलीत हवा खेळती आहे का, हे त्या तपासणीत सक्तीने पाहिले जावे. हाउसिंग सोसायट्यांनी डिसेंबरपूर्वी घरोघरी एवढी नोंद घेतली तरी बरेच जीव वाचतील. आपल्या वृत्तपत्रानेही अशा बातमीत मृत्यूचे नेमके कारण आणि बाथरूममध्ये हवेला वाट होती की नाही, हे छापावे ही विनंती.

– एक गॅस उपकरण तंत्रज्ञ, पुणे