काका, फाईल आम्हीच लिहिली

ती. स्व. काकांना शि. सा. न.

नाव लिहीत नाही. "नाव टाकलंस तर उद्या निम्मी एमआयडीसी माझ्या दारात उभी राहील, आणि मला दुपारी झोपायचं असतं," असं तुम्हीच बजावलंय. पण पत्र मुद्दाम उघड लिहितेय. आमच्यासारखी तीस-पस्तीस माणसांची शेड चालवणारे आणि 'आयएसओ करायचंय' म्हणून कुणाला तरी फोन लावायच्या बेतात असलेले बरेच जण असतील. त्यांच्याही कानावर हे जाऊ दे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. कोल्हापूरजवळ शिरोलीत आमचं मशीन शॉप. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायचे, टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करायचं, गरज असेल तर प्लेटिंग करून घ्यायचं आणि माल पाठवायचा. आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाईकानं, एक दिवस मेल टाकला की आयएसओ नऊ हजार एकचं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं, सर्टिफिकेट असल्याशिवाय यापुढे नवीन जॉब मिळणार नाही. बाबांचं आयुष्य लेथवर गेलं. "आवाजावरनं टूल गेलंय का सांगतो मी, मला कागद काय शिकवतोय?" असं म्हणून त्यांनी हात झटकले. मी बी.कॉम. करून हिशेब बघायला आलेली. कागद म्हटल्यावर ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी काय घोळ घातला तेही सांगायला हवं. एक जण भेटला होता. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट, कुणी बघायलासुद्धा येणार नाही. मी निम्मे पैसे देऊन बसले. सोनेरी अक्षरांची जाडजूड फाईल आली, ती घेऊन मोठ्या ऐटीत तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावून आठ-दहा पानं चाळली आणि शांतपणे विचारलंत, "तुमच्या शेडमध्ये मुंग्या फार आहेत का गं?" चौदाव्या पानावर लिहिलं होतं की तयार माल मुंग्या लागणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवावा. कुठल्या तरी बेकरीची फाईल होती ती! वरचं नाव बदललेलं, आतल्या मुंग्या तशाच. तुम्ही पोट धरून हसत होता आणि मला रडू येत होतं.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मानक लिहिणारी आयएसओ ही जिनिव्हाची संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते काम वेगळ्या प्रमाणन संस्था करतात, आणि त्या संस्थांना आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या एनएबीसीबीची, म्हणजे प्रमाणन संस्थांनाच तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का ते आधी बघायचं. आमच्याएवढ्या कंपनीच्या पहिल्या ऑडिटला, दोन्ही टप्पे धरून, साधारण चार दिवसांचं काम धरतात. मग जो म्हणतो यायचीच गरज नाही, तो नक्की काय विकतोय? आणि सगळ्यात कडी म्हणजे ते सोनेरी क्वालिटी मॅन्युअल २०१५ च्या आवृत्तीत सक्तीचं राहिलेलंच नाही. जे मागितलेलंच नाही त्याचे पैसे मी मोजले होते.

"तुम्हीच करून द्या ना," म्हटल्यावर तुम्ही फी सांगितलीत. मला वाटलं होतं नाही म्हणाल. "फुकटचा सल्ला कुणी ऐकत नाही," म्हणालात. वर दोन अटी घातल्यात. एक, फाईलमधला एकही शब्द तुम्ही लिहिणार नाही. दुसरी, पहिला महिना कुणीच काही लिहायचं नाही.

तो महिना मला फार जड गेला हे आता कबूल करते. पार्टीचा तगादा चालू, आणि तुम्ही सकाळी सातच्या शिफ्टला थर्मास घेऊन येणार, स्टूल ओढून मशीनजवळ बसणार आणि नुसतं बघणार. पोरांना वाटलं तुम्ही कामगार खात्याचे. आठवडाभर सगळ्यांनी सेफ्टी शूज घातले होते.

दुसऱ्या शिफ्टच्या सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची, डायरी तुम्हाला त्याच महिन्यात सापडली. खिशात मावणारी, तेलानं काळी झालेली. कुठल्या जॉबला ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) किती, कुठला इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) किती नगांनी बदलावा लागतो, कुठल्या फौंड्रीचं कास्टिंग कडक लागतं, सगळं त्याच्या अक्षरात. तीन वर्षांच्या तीन डायऱ्या. दहा वर्षं तो आमच्याकडे आहे, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. लपवत नव्हता, कुणी विचारलंच नव्हतं. "हिची झेरॉक्स काढ, तुझी फाईल इथून सुरू होते," म्हणालात. बाबा ती डायरी घरी घेऊन गेले आणि रात्री जेवण झाल्यावर वाचत बसले. एका पानावर त्यांनी पेन्सिलीनं आकडा दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी सेटरनं तो परत खोडला, आणि त्याचंच बरोबर निघालं.

पण सगळ्यात मोठं ऋण प्लग गेजचं आहे, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दोन टोकांच्या दांडीचं.

त्याच पार्टीकडून एक ब्रॅकेट वर्षभर अधूनमधून परत यायचं. ३२ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे भोक, एच सेव्हन टॉलरन्सचं, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मध्ये बसलं पाहिजे. त्यांची तक्रार, पिन आत जात नाही. इकडे आमचा प्रत्येक नग गेजनं तपासलेला. लहानात लहान मापाची 'गो' बाजू आत जाते, मोठ्यात मोठ्या मापाची 'नो-गो' जात नाही, म्हणजे ओके. फोनवर भांडणं व्हायची. तुमची पिनच जाड आहे, असं बाबा ठणकावून सांगायचे. शेवटी ३४० नग एकदम परत आले, गाडीभाडं आमच्या माथी.

मी सुधारणेचा फॉर्म भरला. कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: समज दिली. तुम्ही त्यावर आडवी रेघ मारलीत. "माणसाला समज देणं म्हणजे आपला राग काढणं. हा उपाय नव्हे. परत लिही."

मग मशीनजवळच उभं राहून 'का' विचारत गेलो. लहान बोअरचा नग पास का झाला? गो बाजू आत गेली म्हणून. आत का गेली? तुम्ही गेज पुसला, मायक्रोमीटरमध्ये धरलात आणि माझ्यापुढे केलात. ३१.९९१. वापरून वापरून नऊ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे नऊ हजारांश, झिजलेला. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा फरक. झिजून बारीक झालेला गेज लहान बोअरमध्ये आरामात जात होता. पोरगा इमानदारीनं तपासत होता आणि इमानदारीनं चुकीचा माल पास करत होता.

झीज कळली का नाही? गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे माप पडताळून घ्यायला, कधी गेलाच नाही. का? यादीत नव्हता. का? त्याच्यावर नंबर नव्हता. का? इथं सगळे गप्प. कूलंटचा पंप तेवढा घरघरत होता. मग बाबांनी घसा खाकरला. तीन वर्षांपूर्वी अर्जंट ऑर्डर आली तेव्हा त्यांनीच जाऊन रोखीनं तो आणला होता आणि थेट मशीनवर दिला होता. स्टोअरला खबरच नव्हती. पोरांसमोर बाबांनी स्वतःची चूक सांगितलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. थर्मास उघडून त्यांच्या कपात चहा ओतलात. आणि ज्या पोराला मी समज दिली होती त्याची माफी मागायला मला त्याच दुपारी पाठवलंत. तेव्हा रुसले होते मी तुमच्यावर, दोन दिवस.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे ड्रॉवर उघडले. यादीत ४४ उपकरणं होती, निघाली ६१. एक मायक्रोमीटर तर क्लॅम्प म्हणून वापरात होता. चांगली होती ती एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या लॅबला गेली, बाकीची बाद म्हणून लाल रंगात बुडवली. नियम लिहिला: नंबर पडल्याशिवाय कुठलाही गेज मशीनवर जाणार नाही. त्यापुढे 'मालकानं आणला तरी' हे तीन शब्द बाबांनी घालायला लावले.

मानकातली सगळीच भाषा मला अजून पटलेली नाही, हेही लिहून ठेवते. 'संस्थेचा संदर्भ', 'हितसंबंधी पक्ष' असलं काही वाचलं की झोप येते. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यात हवामानबदलाचा विचार करा अशी दुरुस्ती आली, तेव्हा तर मी हसलेच. ब्रॅकेटचं बोअर आणि हवामान यांचा काय संबंध? तुम्ही हसला नाहीत. "२०१९ च्या ऑगस्टात तुमची किती माणसं नदीपलीकडे अडकली होती?" असं विचारलंत. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, कोल्हापुरातून शिरोलीला येता येत नव्हतं. माणसं तिकडे, गोकुळ शिरगावची कास्टिंग तिकडे, प्लेटिंगला दिलेला माल उद्यमनगरात. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं नाही, म्हणून पूर हा आमचा प्रश्न आम्ही कधी धरलाच नव्हता. आता जूनअखेर पंधरा दिवसांची कास्टिंग आणून ठेवतो, नदीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसांची यादी भिंतीवर असते, आणि अलीकडे दुसरा प्लेटिंगवाला बघून ठेवलाय. त्या कलमापुढे आम्ही एवढंच लिहिलं. ऑडिटरनं ते दोनदा वाचलं.

अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू वगैरे झालं एकदाचं. रिव्ह्यू म्हणजे बाबा आणि मी चहा पितो ते नव्हे, एवढं समजवायला तुम्हाला दोन बैठका लागल्या, त्याबद्दल क्षमस्व.

पहिला टप्पा कागदांचा, तो निभावला. दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी तुम्ही यावं म्हणून मी किती विनवण्या केल्या! "ऑडिट तुमचं आहे, माझं नाही," म्हणून फोन बंद करून झोपलात. ऑडिटर थेट व्हीएमसी मशीनवरच्या पोरासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, कंपनीचं गुणवत्ता धोरण सांग. माझ्या पोटात गोळा. भिंतीवर ते फ्रेम करून लावलंय, पण पाठ कुणाचंच नव्हतं, तुम्ही करूच दिलं नव्हतं. पोरगा म्हणाला, "ते त्या भिंतीवर लावलंय सायेब. मला एवढं ठावं हाय, नगाचा डाऊट आला की लाल पेटीत टाकायचा आणि मशीन थांबवायचं. त्यासाठी कुणाला इचारत बसायचं न्हाई." ऑडिटरनी मान डोलावली आणि विचारलं, शेवटचं कधी थांबवलंस? त्यानं तारीख सांगितली. रजिस्टरमध्ये तीच तारीख निघाली.

दोन त्रुटी निघाल्याच, दोन्ही किरकोळ. टूल ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एका जॉबचं जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग सापडलं, आणि नव्या प्लेटिंगवाल्याचा मूल्यमापनाचा फॉर्म कोरा होता. तो फॉर्म भरायचं काम माझं होतं. कारणाच्या रकान्यात 'दुर्लक्ष' लिहायला हात गेला होता, तुमची आडवी रेघ आठवली आणि थांबले. खरं कारण हे निघालं की नवीन पुरवठादाराचं खातं उघडताना तो फॉर्म मागणारं कुणीच नव्हतं. आता फॉर्म नसेल तर खातंच उघडत नाही.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं मिळालं. बाबांनी ते ऑफिसात लावलंय, पण पाहुणा आला की त्याला आधी शेडमध्ये नेतात आणि भिंतीवर टांगलेला तो लाल प्लग गेज दाखवतात. माल अजूनही परत येतो, अगदीच बंद झालेला नाही. मागच्या महिन्यात बारा नग आले. पण भांडण झालं नाही. कुठल्या हीटचं (भट्टीच्या कुठल्या ओतकामाचं) कास्टिंग, कुठल्या मशीनवर झालं, कुणी तपासलं, हे सगळं पंधरा मिनिटांत सापडलं.

फी तर तुम्ही मोजून घेतलीत, त्यामुळे पैशाचा हिशेब मिटलाय. सातच्या शिफ्टला स्टुलावर बसून काढलेला तो महिना मात्र कुठल्याच बिलात नव्हता. तो अजून आमच्याकडे बाकी आहे.

पुढच्या महिन्यात पहिलं सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे सर्टिफिकेटनंतरची फेरतपासणी, आहे. येऊ नका, आमचं आम्ही बघतो.

तुमची,
शिरोलीची पोरगी

ता. क. तुमचा थर्मास तपासणीच्या खोलीत राहिलाय. द्यायला येणारच होते, पण पोरांनी त्याच्यावर नंबर टाकून यादीत चढवलाय, आणि आता स्टोअरवाला चलनाशिवाय गेटबाहेर सोडत नाही.