साबळेचं टायमिंग पण छापा, नुसता नंबर नको

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र अविनाश साबळेबद्दल आहे. पॅरिस ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडत तीन हजार मीटर पळायची शर्यत) फायनलमध्ये तो अकरावा आला तेव्हा बऱ्याच पेपरांत, तुमच्यापण, दोन-चार ओळीत विषय संपला होता. अकरावा आला, पदक हुकलं, बास. इकडे आष्टी तालुक्यात चार लोक विचारायला लागले की काय झालं रे आपल्या मांडव्याच्या पोराला, दम संपला का? मी सांगत होतो की अहो ऑलिम्पिकमध्ये या इव्हेंटच्या फायनलला जाणारा तो पहिला भारतीय पुरुष आहे, पण पेपरात तसं ठळक आलं नव्हतं म्हणून कोणाला पटेना.

आता हे बघा. 2023 ला हांगझोउ एशियन गेम्समध्ये त्याने गोल्ड मारलं, फोटो पहिल्या पानावर, गावात फटाके, सगळं बरोबर. टायमिंग होतं 8:19.50, म्हणजे 8 मिनिटं 19.50 सेकंद. पॅरिसच्या फायनलचं टायमिंग होतं 8:14.18. म्हणजे ज्या दिवशी आपण त्याला डोक्यावर घेतलं त्यापेक्षा तो पॅरिसला पाच सेकंद फास्ट पळाला, आणि आपण म्हणालो हुकला. मला मान्य आहे की नुसत्या टायमिंगवरून पण सगळं कळत नाही, हांगझोउला तो पहिल्यापासून एकटाच पुढे होता, मागून ढकलणारं कोणी नव्हतं तरी एशियन गेम्सचं रेकॉर्ड केलं. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले असते तर वाचकाला स्वतःच कळलं असतं ना.

त्याची सगळ्यात भारी रेस कुठली विचारलं तर लोक गोल्ड सांगतात. आकड्यांनी बघितलं तर ती जुलै 2024 ची पॅरिस डायमंड लीग (जगातल्या टॉपच्या खेळाडूंची स्पर्धा), 8:09.91, आजपर्यंतचं त्याचं बेस्ट. तिथे नंबर कितवा? सहावा! मग सहाव्या नंबरची बातमी कोण करणार. नॅशनल रेकॉर्ड त्याने त्या दिवशी दहाव्यांदा मोडलं होतं, बहुतेक वेळा स्वतःचंच. सुरुवात 2018 ला भुवनेश्वरला झाली, 8:29.80 पळाला आणि गोपाल सैनी यांचं 1981 चं रेकॉर्ड गेलं, 37 वर्षं कोणाला हललं नव्हतं ते. तिथून सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी केले. वीस सेकंद ऐकायला काही वाटत नाही, पण भुवनेश्वरचा अविनाश आणि 2024 चा अविनाश एकाच रेसमध्ये पळवले तर जुना अविनाश साधारण 117 मीटर मागे राहील, आता बोला.

आणि ही साधी पळायची शर्यत नाहीये हो. तीन हजार मीटर, त्यात 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. हर्डल रेसचा अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही, जाड लाकडी ओंडका असतो, पाय अडकला तर माणूसच आपटतो. पाण्याच्या अडथळ्यावर एक पाय ठेवून उडी मारायची, पाण्यात उतरायचं, बूट भिजलेले, आणि परत तोच स्पीड पकडायचा.

आमच्याकडे पहाटे रोडला भरतीची पोरं पळतात. पोलिस भरतीला 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात काढलं की पूर्ण 20 मार्क. त्या दहा सेकंदांसाठी पोरं वर्षभर रक्त आटवतात, टायमिंग सहा मिनिटांवरून साडेपाचवर आलं तर पेढे वाटतील एवढा आनंद असतो. त्यांना सांगा की साबळेचं बेस्ट टायमिंग 1600 वर काढलं तर साधारण 4:21 बसतं, ते पण अडथळे आणि पाणी धरून, आणि तेवढं पळून झाल्यावर अजून चौदाशे मीटर बाकी असतात. मी एकदा हे खडूने शाळेच्या भिंतीवर लिहून दाखवलं तर दोन पोरं हात लावून आकडा परत परत वाचत होती. त्यांना अकरावा नंबर समजत नाही, 4:21 बरोबर समजतो.

त्याचा रस्ता पण ह्या पोरांच्याच रस्त्यासारखा आहे. घरची शेती थोडी, आईवडील वीटभट्टीवर, शाळा लांब, बारावीनंतर आर्मी, 5 महार रेजिमेंट. सियाचीनला ड्युटी, मग राजस्थान, मग सिक्कीम. 2015 ला आर्मीच्या क्रॉस कंट्रीत पळायला लागला आणि अमरीश कुमार या आर्मीच्याच कोचने त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. म्हणजे विशी ओलांडल्यावर! आपल्याकडे अठराव्या वर्षी निवड झाली नाही की पोरगं संपलं म्हणतात.

बर्मिंगहॅमची 2022 ची कॉमनवेल्थ रेस ज्यांनी बघितली नाही त्यांनी जरूर बघा. 1998 पासून त्या इव्हेंटची तिन्ही मेडल दर वेळी केनियाच घेऊन जायचा. शेवटच्या सरळ पट्ट्यात साबळे केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या अंगावर चालून गेला, किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. पाच शतांश सेकंद! मी टीव्हीसमोर ओरडलो, अजून दोन पावलं पाहिजे होती असं वाटलं.

हीच गोष्ट ललिता बाबरची. माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी, रिओ ऑलिम्पिकला 2016 मध्ये स्टीपलचेसच्याच फायनलला गेली, 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय महिला. हीटमध्ये (पात्रता फेरीत) 9:19.76 चं तेव्हाचं नॅशनल रेकॉर्ड, फायनलला दहावी. किती जणांना ते टायमिंग माहितीये? सावरपाड्याच्या कविता राऊतचं दिल्ली कॉमनवेल्थचं ब्राँझ लक्षात आहे कारण मेडल होतं.

2025 च्या जुलैत मोनॅकोला साबळे पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली. क्रिकेटरचं बोट दुखलं तरी तुमच्याकडे रोज अपडेट असतो, मग ह्याच्या गुडघ्याचा का नको? पाण्यात उतरायचं तर गुडघाच लागतो, परत येताना पहिल्या रेसला तो 8:40 पण पळेल आणि ते पण मोठं असेल, पण मागचा पुढचा आकडा दिला नाही तर लोक म्हणणार संपला.

म्हणून विनंती एवढीच. आपला कोणी 3000, 5000, 10,000 किंवा मॅरेथॉन पळाला की नंबरच्या पुढे टायमिंग टाका, त्याचं आधीचं बेस्ट टाका, आणि जमलं तर पहिल्या आलेल्याचं टायमिंग. एक ओळ वाढते. युरोपातल्या रेसेस रात्री उशिरा असतात आणि ग्रामीण आवृत्ती लवकर छापायला जाते हे कळतं, तुम्ही दुसऱ्या दिवशी छापलं तरी चालेल, इकडची पोरं शिळा पेपर पण वाचतात.

आपला,
एक नियमित वाचक, ता. आष्टी, जि. बीड