अभियंता झालेल्या आपल्या मुलांसाठी वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाची अभ्यासिका सुरू झाली तेव्हा वर टिनाचे छप्पर होते आणि पावसाळा लागला की पुस्तकांचे गठ्ठे शेजारच्या ओसरीत हलवावे लागत. बाजार समितीतील अडत्यांनी स्लॅबसाठी सिमेंट दिले, गुरुजींनी निवृत्तीच्या रकमेतून चार कपाटे करून दिली आणि महिला बचत गटाने पापडांच्या विक्रीतून पंखे बसवले. त्या पंख्यांखाली अभ्यास केलेली मुले अमरावती, शेगाव व नागपूर येथील महाविद्यालयांतून अभियंते होऊन बाहेर पडली. कास्तकाराच्या घरातील ही पहिली अभियंता पिढी आहे, याचा वाचनालयाला अभिमान वाटतो आणि तो जरा अधिकच दिसत असेल तर क्षमा असावी.

परंतु पदवी हाती असूनही यांतील बरीच मुले आज घरी बसून आहेत. दहावी, बारावी व पदवी या तिन्हींत 60 टक्के आणि एकही विषय राहिलेला नसावा, ही अनेक कंपन्यांची अट ती पूर्ण करतात; मात्र तो केवळ उंबरठा आहे. त्यानंतर गणित, तर्क व इंग्रजी यांची संगणकावरील परीक्षा असते, तिच्यात मिनिटाला किंमत असते, आणि आपली मुले आयुष्यभर कागदावर उत्तरे लिहीत आलेली असतात. त्यातून पुढे गेलेल्याला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तू स्वतः काय केलेस, असे विचारले जाते. प्रकल्प विकत आणलेला असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडे पडते. कारखान्यातील जागेसाठी ड्रॉइंग वाचता येते का, मोजमापाची साधने हाताळली आहेत का आणि रात्रपाळीची तयारी आहे का, हेही पाहिले जाते.

घरच्या विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर स्वतः दुरुस्त करणारा आपला एक मुलगा, स्टार-डेल्टा स्टार्टर कशासाठी वापरतात या प्रश्नावर पुस्तकातील व्याख्या आठवत बसला. मोटार सुरू होताना ती जास्त करंट ओढते, तो आवरण्यासाठी, एवढेच सांगायचे होते. ते त्याच्या हातांना ठाऊक होते, तोंडाला सराव नव्हता. शिकाऊ उमेदवारीचा 1961 चा कायदा 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंत्यांनाही लागू झाला, तरी वर्षभर विद्यावेतनासह काम शिकण्याच्या या वाटेची माहितीसुद्धा अनेक घरांत पोचलेली नाही.

म्हणून वाचनालयाने सराव वर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे. मागील वर्षी हीच विनंती बाहेरगावी नोकरीत असलेल्या आपल्याच मंडळींना पत्राने केली असता दोघांची उत्तरे आली, त्यांपैकी एक पत्ता बदलल्याचे होते. सप्ताहाच्या वर्गणीसाठी गावात कुणाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही, ही आनंदाची बाब आहे. त्यातील थोडी तत्परता इकडेही यावी, एवढेच मनात येते.

सहा संगणक (जुने, चालू स्थितीतील चालतील), एक इन्व्हर्टर व इंटरनेटचा वर्षाचा खर्च हवा आहे. पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्यांनी महिन्यातून एका रविवारी फोनवरून सरावाची मुलाखत घ्यावी. तेवढे केले तरी मोठी मदत होईल. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर दिले तरी चालेल, पण नाव दसऱ्याआधी कळवावे. रक्कम ग्रंथपालांकडे सायंकाळी 5 ते 8 या वेळेत द्यावी व पावती अवश्य घ्यावी. सोमवारी वाचनालय बंद असते.

कळावे,
सचिव, सार्वजनिक वाचनालय