कार्डावरच्या दोन ओळी

ऑस्टिन, टेक्सास
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर थोडक्यात उरकायचं नव्हतं, म्हणून उशीर केला. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना सांग, पहिले दीड महिने व्यायाम चुकवू नका. नंतर पस्तावायला होतं.

आता तुझा प्रश्न. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस आणि अजून तुला कोडं पडतं की अमेरिकेचा अध्यक्ष एवढा बलाढ्य, जगभर सैन्य पाठवू शकतो, मग स्वतःच्या देशात, स्वतःच्या पक्षाचं बहुमत असताना, एक साधं विधेयक त्याला वर्षानुवर्षं का संमत करून घेता येत नाही? गंमत अशी की तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझं मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड आलं. पुढच्या महिन्यात मला पासष्ट पूर्ण होतील ना! कार्डावर दोन ओळी आहेत : हॉस्पिटल, भाग ए. मेडिकल, भाग बी. ए भागाला हप्ता नाही. नोकरीत असताना पगारातून कर कापला गेला, त्यात ते आलं. बी भागाला मात्र यंदा, २०२५ साली, दरमहा १८५ डॉलर. एकाच विम्याचे असे दोन तुकडे का? शोधत गेलो तर तुझ्याच प्रश्नाचं उत्तर हाती लागलं.

आपल्याकडे प्रधानमंत्री बहुमतातूनच येतो. व्हिप निघाला की खासदार हात वर करतो, आणि पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून तर त्याला दुसरा मार्गच उरला नाही. इथे तसं काही नाही. सिनेटर, म्हणजे इथल्या वरिष्ठ सभागृहाचा सभासद, आपल्या राज्याला बांधील. अध्यक्षाने त्याला निवडून आणलेलं नसतं आणि अध्यक्ष त्याला घरीही पाठवू शकत नाही. त्यातून साठच्या दशकापर्यंत, विधेयकं ज्यांच्या हातून जातात त्या समित्यांची अध्यक्षपदं ज्येष्ठतेने मिळत. दक्षिणेतले डेमोक्रॅट कधी हरायचेच नाहीत, कारण तिथल्या कृष्णवर्णीयांना मतदानच करू देत नसत. त्यामुळे ते सर्वांत ज्येष्ठ, आणि सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला. म्हणजे अध्यक्षाच्या वाटेत त्याच्याच पक्षाचे लोक बसलेले.

हे सगळं आतून माहीत असलेला माणूस इथला, आमच्या ऑस्टिनपासून तासाभरावरचा. डेमोक्रॅट पक्षाचा लिंडन जॉन्सन. सहा वर्षं सिनेटमध्ये बहुमताचा नेता होता. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींचा खून झाला आणि उपाध्यक्ष म्हणून याचा अध्यक्षपदाचा शपथविधी विमानातच झाला. केनेडींची करकपात आणि वंशभेदाला बंदी घालणारं नागरी हक्कांचं विधेयक, दोन्ही तेव्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, अडकलेली होती.

जॉन्सनने आधी काय केलं बघ. करकपातीचं विधेयक सिनेटच्या अर्थसमितीत व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड धरून बसले होते. त्यांची अट होती की अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत आणा. याने एकेक खातं कापत ९७.९ अब्जांवर आणून दाखवलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये करकपात झाली. आता नागरी हक्कांचं विधेयक अडवताना दक्षिणेच्या सिनेटरांच्या हाती ओलीस धरायला दुसरं काहीच उरलं नाही. मला यातली बुद्धी फार मोठी वाटते. लढाईआधी गोठ्यातली गुरं बाहेर काढून ठेवावीत, तसं.

प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, नियम समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ विधेयक बाहेरच येऊ देत नव्हते. विधेयक समितीकडून काढून घेण्यासाठी सभासदांच्या सह्यांचा अर्ज फिरायला लागला तेव्हा कुठे हलले. १० फेब्रुवारीला २९० विरुद्ध १३० मतांनी ते पार पडलं. पण खरी खिंड सिनेटमध्ये. तिथे बोलणाऱ्याला थांबवायचं तर दोन तृतीयांश मतं लागत, म्हणजे शंभरातली ६७. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल आणि त्यांची मंडळी बोलतच राहिली. आठवडे गेले, महिने गेले, सिनेटचं दुसरं कामकाज ठप्प. स्वतःच्या पक्षातून ६७ मिळणार नाहीत हे जॉन्सनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने आपल्या पक्षाचे सिनेटर ह्युबर्ट हम्फ्रींना सांगितलं की विरोधी पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे जा, मसुद्यात त्यांना हवे ते बदल करू दे, श्रेयही त्यांना घेऊ दे.

१० जून १९६४. आदल्या रात्रीपासून वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड चौदा तास बोलत उभे होते. मग हजेरीसारखी नावं पुकारून मतं घेणं सुरू झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीमुळे बोलू शकत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. इंग्रजीत होकाराचा 'आय' आणि डोळ्याचा 'आय' एकाच उच्चाराचा. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे नेला. विन्या, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. ७१ पैकी २७ मतं विरोधी पक्षाची होती. २ जुलैला कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एंगल गेले.

त्यानंतरच्या निवडणुकीत जॉन्सनला ६१ टक्के मतं मिळाली आणि दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत आलं. पण तो आपल्या माणसांना सांगत होता, घाई करा, ही ताकद रोज थोडी थोडी कमी होत जाणार आहे. आणि मग १९६५ चं ते वर्ष! एप्रिलमध्ये शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. त्यावर सही त्याने आपल्या लहानपणीच्या एकखोली शाळेच्या अंगणात, आपल्या पहिल्या शिक्षिकाबाईंना शेजारी बसवून केली. ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. या दोघांच्या मधे आलं माझं हे कार्ड.

आरोग्यविमा तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्येच मागितला होता. डॉक्टरांच्या संघटनेने तो 'समाजवादी वैद्यक' म्हणून हाणून पाडला. पुढे १९६१ मध्ये, सिनेनट असलेल्या रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातलं याविरुद्धचं भाषण ध्वनिमुद्रिकेवर घेतलं आणि डॉक्टरांच्या बायकांनी घरोघर कॉफीला बायका जमवून ते ऐकवलं. पण खरा अडसर एकच माणूस होता, अर्कान्सॉचे विल्बर मिल्स. कराची सगळी विधेयकं त्यांच्या समितीतून जात, आणि सभागृहात हरेल असं काही ते बाहेर पाठवतच नसत. निवडणुकीनंतर वारं फिरलेलं त्यांनी ओळखलं. मार्च १९६५ मध्ये तीन योजना समोर होत्या. सरकारची, ज्येष्ठांच्या फक्त हॉस्पिटल खर्चाची. रिपब्लिकन पक्षाची, ऐच्छिक हप्ता भरून डॉक्टरांच्या बिलांची. आणि डॉक्टरांच्या संघटनेची, गरिबांपुरती. मिल्स यांनी तिन्ही एकावर एक रचल्या. भाग ए, भाग बी आणि मेडिकेड. ज्यांनी 'फक्त हॉस्पिटल कशाला' असं म्हणत विरोध केला, त्यांचाच प्रस्ताव विधेयकात येऊन बसला! साठ वर्षांपूर्वीची ती तडजोड आज माझ्या पाकिटात आहे, आणि दर महिन्याचा हप्ता म्हणून मी ती भरणार आहे.

३० जुलैला जॉन्सन सहीसाठी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, म्हाताऱ्या ट्रुमन यांच्याकडे गेला. पुढे पहिलं कार्डही त्यांनाच दिलं. पण या कायद्याचं सगळ्यात मोठं काम फारसं कुणी सांगत नाही. १९६४ च्या कायद्यात कलम होतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्याला वंशभेद करता येणार नाही. दक्षिणेतल्या हॉस्पिटलांत तोवर गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते, कुठे काळ्या रुग्णाला दारच नव्हतं. १ जुलै १९६६ पासून मेडिकेअरचे पैसे मिळायचे होते. ते हवे असतील तर वॉर्ड एक करा, असं सांगण्यात आलं. तपासणीला माणसं पाठवली गेली. काही महिन्यांत हजारो हॉस्पिटलं बदलली. न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या जे झालं नसतं ते पैसे बुडण्याच्या भीतीने झालं.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. १९२४ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दारं बंद केली होती. १९४६ नंतर भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. सबंध देशाला शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली सही करून ही कोटापद्धत मोडली. तेव्हा तिथे इमॅन्युएल सेलर होते. १९२४ मध्ये नवखे सभासद म्हणून त्या जुन्या कायद्याविरुद्ध ते बोलले होते. ४१ वर्षं वाट पाहिली माणसाने. इथेही एक अडसर होता, उपसमितीचे अध्यक्ष ओहायोचे मायकल फीगन. त्यांनी आग्रहाने कौशल्यापेक्षा नात्याला जास्त जागा द्यायला लावली. हिशोब सरळ होता : इथे नातेवाईक आहेत ते युरोपियनांचे, तेव्हा येतीलही तेच.

अक्का मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन १९७१ मध्ये आली ती या कायद्याच्या कौशल्याच्या दारातून. नागरिक झाल्यावर तिने माझ्यासाठी अर्ज केला. 'पाचवी पसंती, नागरिकाचा भाऊ.' मी १९८७ ला आलो तो फीगन यांनी रुंद केलेल्या दारातून. तो कागद अक्काने जपून ठेवलाय. गेल्या रविवारी काढून दाखवला.

जॉन्सनला देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर ७ मार्च १९६५ ला पोलिसांनी मतदानहक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना झोडपलं आणि दुसऱ्याच दिवशी याचे सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरले. मेडिकेअरच्या सहीआधी दोनच दिवस त्याने तिथली फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं जाहीर केलं. युद्धाचा खरा खर्च त्याने काँग्रेसपासून झाकून ठेवला, कारण तो कळला असता तर गरिबांच्या योजनांना कात्री लागली असती. हे त्याचं घोर चुकलं, आणि त्या चुकीत लाखो माणसं मेली. आपल्या लहानपणी रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू यायचा, आठवतो? त्याची जहाजंही हाच महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडायचा, दिल्लीला टांगून ठेवायचा.

नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या ४७ जागा गेल्या. १९६७ च्या जुलैत शहरांतल्या झोपडवस्त्यांतले उंदीर मारायला ४ कोटी डॉलर मागितले, तर सभागृहात हशा पिकला आणि मागणी फेटाळली गेली. काळ्या वस्त्यांत उंदीर तान्ह्या मुलांना चावत होते, आणि हे हसत होते. युद्धासाठी जादा कर मागितला तेव्हा मिल्स यांनी आधी सरकारी खर्चात ६ अब्जांची कपात करून घेतली. ३१ मार्च १९६८ ला त्याने जाहीर केलं की पुन्हा उभा राहणार नाही.

तुझं पत्र आल्यावर मी अक्काला घेऊन इथल्या जॉन्सन ग्रंथालयात गेलो. काचेमागे मजल्यांवर मजले लाल खोक्यांत त्याची कागदपत्रं आहेत. तिथे फोन ठेवलेत. रिसीव्हर उचलला की त्याचे सिनेटरांशी झालेले संवाद ऐकू येतात. समजावतो, लाडीगोडी लावतो, धमकावतो, पुन्हा समजावतो. तुला तिथे उभं करून ते ऐकवायचं आहे. अक्का पाऊण तास एकाच फोनपाशी होती. ऐंशी वर्षांची बाई, पण खुर्ची दिली तरी बसेना.

डिसेंबरच्या वीस तारखेला सांगलीत पोहोचतो. अक्काने तुझ्यासाठी त्या पाचव्या पसंतीच्या कागदाची झेरॉक्स काढून दिली आहे. म्हणते, विन्या मास्तर आहे, त्याला कागद दाखवल्याशिवाय पटत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण